खेळांच्या दुकानातील पहारा : खातेसुरक्षेच्या सक्तीचा इतिहास

संगणकावरील खेळ ऑनलाइन विकत घेणाऱ्या ग्राहकाला आज पैसे मोजण्यापूर्वी आणि मोजून झाल्यावरही स्वतःची ओळख वारंवार पटवून द्यावी लागते. आधी खाते उघडायचे, मग पासवर्ड ठरवायचा, त्यानंतर ईमेलवर किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक भरायचा, आणि काही दुकानांत तर फोनवर एक स्वतंत्र अ‍ॅप बसवून त्यात दर अर्ध्या मिनिटाला बदलणारे आकडे पाहून ते टंकित करायचे, असा हा क्रम असतो. या सोपस्कारांविषयी खेळाडूंमध्ये असलेली नाराजी बहुधा आळसात किंवा बेफिकिरीत जमा केली जाते. तिचा इतिहास तपासला असता मात्र असे दिसते, की या दुकानांतील खात्यावर दोन निरनिराळे पहारे एकाच जागी बसवले गेले आहेत. एक पहारा विक्रेत्याच्या मालाचे नकलांपासून रक्षण करतो, तर दुसरा ग्राहकाच्या मालमत्तेचे चोरांपासून. पहिला जुना आहे आणि दुसरा त्याच्या मागून आला. नाराजी कधी उफाळली आणि कधी निवळली, हे या दोहोंना वेगळे ठेवून पाहिल्याखेरीज उलगडत नाही.

पहिल्या पहाऱ्याचा आरंभ १९८० च्या दशकात, घरगुती संगणकांवरील खेळ कॅसेटवर आणि फ्लॉपीवर विकले जात असताना झाला. कॅसेटची नक्कल साध्या टेपरेकॉर्डरवर निघत असे, म्हणून प्रकाशकांनी खेळाबरोबर अशी एखादी वस्तू देण्यास सुरुवात केली, जिची नक्कल करणे कठीण जाईल. १९८४ च्या 'जेट सेट विली' या ब्रिटिश खेळाबरोबर रंगीत चौकटींचा एक तक्ता येत असे आणि खेळ सुरू होण्यापूर्वी त्यातील विशिष्ट चौकटीचे रंग सांगावे लागत; रंगीत झेरॉक्स सर्वसामान्यांच्या आवाक्यात नव्हती, तोवर ही युक्ती चालून गेली. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या १९९० च्या खेळाबरोबर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या दिल्या जात, ज्या फिरवून चाच्यांच्या चेहऱ्यांचे अर्धे भाग जुळवले की एक साल मिळे आणि ते टंकित केल्यावरच खेळ पुढे सरके.

या काळातील सर्वांत बदनाम उपाय म्हणजे 'लेन्सलोक'. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे उमटत आणि घडीच्या प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेल्या भिंगातून पाहिले की ती सरळ दिसत, अशी त्याची रचना होती. १९८५ मध्ये 'एलीट' या खेळाच्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकासाठीच्या आवृत्तीबरोबर हे भिंग दिले गेले. परंतु घरातील दूरचित्रवाणी संच फार लहान किंवा फार मोठा असेल तर अक्षरे जुळत नसत आणि काही प्रतींबरोबर तर भलत्याच खेळाचे भिंग गेले होते. ज्याने रीतसर पैसे मोजले तो भिंगाशी झटापट करत बसला आणि ज्याने कुलूप काढून टाकलेली नक्कल मिळवली तो विनासायास खेळू लागला. सुरक्षेचा भार प्रामाणिक ग्राहकावर पडावा आणि अप्रामाणिक माणूस त्यातून सुटावा, ही विसंगती पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा आढळते.

सीडी आल्यावर भिंगाची जागा 'सीडी की' ने घेतली. ही डबीवर छापलेली आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ असे व खेळ संगणकावर बसवताना ती भरावी लागे. १९९८ मध्ये आलेल्या 'स्टारक्राफ्ट' आणि 'हाफ-लाइफ' या खेळांमध्ये इंटरनेटवर इतरांशी खेळण्यासाठी हीच ओळ ओळखपत्रासारखी वापरली गेली. ती माणसाला नव्हे तर डबीला दिलेली असल्यामुळे, कुणीही ती वाचून घेतली किंवा की बनवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने योगायोगाने तीच ओळ तयार केली, तर खऱ्या मालकाला 'ही की वापरात आहे' असा संदेश पाहावा लागे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत नकली सीडी उघडपणे मिळत असत आणि सायबर कॅफेंमध्ये एकच खेळ अनेक यंत्रांवर चढवलेला असे. अशा परिस्थितीत भारतातील बहुतेक तरुण खेळाडूंच्या दृष्टीने सीडी की ही मालकीची खूण नव्हतीच, ती केवळ ओलांडण्याची एक पायरी होती.

डबीऐवजी माणसाला ओळखण्याची व्यवस्था अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने रूढ केली. तिने १२ सप्टेंबर २००३ रोजी 'स्टीम' हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला; त्याचा मूळ हेतू आपल्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या ग्राहकांपर्यंत पोहोचवणे आणि फसवणूक करणाऱ्या खेळाडूंना दूर ठेवणे हा होता. पुढील वर्षी जुनी सर्व्हर-व्यवस्था बंद झाल्याने 'काउंटर-स्ट्राइक' इंटरनेटवर खेळायचा तर स्टीमचे खाते अपरिहार्य झाले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला तेव्हा दुकानातून डबी विकत आणणाऱ्यालाही इंटरनेटला जोडून खात्यावर खेळाची नोंद केल्याशिवाय तो सुरू करता येईना. एकट्याने खेळायच्या खेळाला इंटरनेट कशासाठी, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला, आणि पहिल्या दिवसांत सर्व्हरवर ताण येऊन नोंदणी रखडल्यामुळे तो अधिकच तीव्र झाला. तरीही ही व्यवस्था टिकली, कारण तिने ग्राहकाला काहीतरी परत दिले. सीडी हरवली किंवा तिच्यावर ओरखडे पडले तरी खेळ पुन्हा उतरवून घेता येऊ लागला आणि संगणक बदलला तरी संग्रह शाबूत राहू लागला.

या सोयीतूनच दुसऱ्या पहाऱ्याची गरज उत्पन्न झाली. पूर्वी चोराला फार तर एक सीडी मिळाली असती, पण आता एका पासवर्डमागे शंभर खेळांचा संग्रह जमा झाला. शिवाय खेळांच्या आतही संपत्ती साठू लागली होती. नोव्हेंबर २००४ मध्येच सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' मध्ये खेळाडू महिनोन्‌महिने खपून जे सोने, शस्त्रे आणि पात्रे मिळवत त्यांची खऱ्या पैशांत विक्री करणारा चोरटा बाजार उभा राहिला, आणि त्याला माल पुरवण्यासाठी 'कीलॉगर' म्हणजे कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून पाठवणारे प्रोग्राम पसरवून खाती लुटली जाऊ लागली. पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो टंकित करतानाच चोरीला जात असल्याने त्याच्या लांबीचा किंवा त्यातील चिन्हांचा काही उपयोग नव्हता.

यावरचा उपाय बँकांच्या जगात तयार होता. ग्राहकाला ठाऊक असलेल्या गोष्टीबरोबर, म्हणजे पासवर्डबरोबर, त्याच्या हाती असलेली एखादी वस्तूही तपासायची, याला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ची निर्माती कंपनी ब्लिझार्डने २००८ च्या उन्हाळ्यात किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल असे छोटे उपकरण साडेसहा डॉलरला विक्रीस आणले. त्याचे बटण दाबले की सहा आकड्यांचा, थोड्याच वेळात निरुपयोगी होणारा क्रमांक दिसे आणि पासवर्डसोबत तो भरावा लागे. हे उपकरण पूर्णपणे ऐच्छिक होते. ते वापरणाऱ्यास कंपनीने पुढे खेळातील एक पाळीव प्राणी, दोन डोक्यांचे श्वानाचे पिल्लू, भेट म्हणून दिले आणि सुरक्षा ही शिक्षा न वाटता मिरवण्याची गोष्ट ठरली. खेळाडूंनी पदरचे पैसे खर्चून हे अधिकचे कुलूप लावून घेतले, ही वस्तुस्थिती त्यांच्यावर होणाऱ्या बेफिकिरीच्या आरोपाशी जुळणारी नाही.

याच सुमारास दक्षिण कोरियात अगदी उलट प्रकारचा प्रयोग चालू होता. तेथे ऑनलाइन खेळाचे खाते उघडताना नागरिकाचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक देण्याची प्रथा होती. २००६ मध्ये 'लिनिएज' या लोकप्रिय खेळात मोठ्या संख्येने लोकांच्या नावे, त्यांच्या नकळत, खाती उघडली गेल्याचे उजेडात आले. नोव्हेंबर २०११ मध्ये 'मेपलस्टोरी' या खेळाच्या सुमारे १ कोटी ३२ लाख सदस्यांची माहिती चोरीला गेली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. नागरिकाचा राष्ट्रीय क्रमांक इतक्या सहज बदलता येत नाही, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी गोळा केलेली माहितीच ओळखचोरीचे भांडार ठरली. इंटरनेटवरील खऱ्या नावाच्या सक्तीचा कायदा ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने रद्द केला आणि खासगी संस्थांनी असे क्रमांक गोळा करण्यावरही निर्बंध आले. सुरक्षेसाठी जितकी अधिक माहिती मागावी तितकी फुटीची हानी वाढते, हा धडा कोरियाने फार महाग किमतीत घेतला.

२०११ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली, २० एप्रिलला कंपनीने सेवा बंद केली आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची वैयक्तिक माहिती बाहेर गेल्याचे ग्राहकांना जवळजवळ आठवड्याने सांगितले. सेवा पूर्ववत होऊ लागण्यास मे महिन्याचा मध्य उजाडला. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये या प्रकरणी अडीच लाख पौंडांचा दंड केला. २०११ च्याच मार्चमध्ये व्हॉल्व्हने 'स्टीम गार्ड' ही सोय जाहीर केली होती. खाते अनोळखी संगणकावर उघडले गेले की ईमेलवर क्रमांक पाठवायचा आणि तो भरल्याशिवाय प्रवेश द्यायचा नाही, असे तिचे स्वरूप होते. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी तर विश्वासाची ग्वाही म्हणून स्वतःच्या खात्याचा पासवर्ड जाहीर करून टाकला. तथापि नोव्हेंबरमध्ये खुद्द स्टीमच्या माहितीसाठ्यात घुसखोरी झाल्याचे त्यांनाच ग्राहकांना कळवावे लागले. या दोन्ही घटनांत दरवाजा ग्राहकाच्या बाजूने उघडा राहिलेला नव्हता, पण त्यानंतर जे नियम वाढत गेले ते मात्र ग्राहकासाठी होते.

सक्तीचे आजचे रूप २०१५ मध्ये घडले. स्टीमवर खेळाडूंना आपापसांत वस्तूंची देवाणघेवाण करण्याची सोय २०११ पासून होती, आणि २०१३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' मध्ये बंदुकांवर चढवायची रंगीत आवरणे, म्हणजे 'स्किन', आल्यानंतर त्यांतील दुर्मीळ नगांना मोठी किंमत येऊ लागली. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने सांगितले, की दरमहा सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जात आहेत आणि लुटलेल्या वस्तू काही क्षणांत अनेक हातांतून फिरवल्या जात असल्याने त्या परत मिळवणे दुष्कर होते. म्हणून मोबाइलवरील पडताळणी न वापरणाऱ्यांची देवाणघेवाण काही दिवस रोखून धरण्याचा नियम केला गेला, तो पुढे पंधरा दिवसांपर्यंत वाढला. स्मार्टफोन नसलेल्यांना, फोन हरवलेल्यांना किंवा ज्यांच्याकडे फारसे मौल्यवान काही नव्हते त्यांनाही हा नियम लागू झाला आणि तक्रारींचा ओघ सुरू झाला. बँकेच्या लॉकरला एक किल्ली ग्राहकाची आणि एक बँकेची लागते व त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. परंतु आपली किल्ली हरवली तर नवी कशी मिळेल हे बँकेच्या खिडकीवर जाऊन विचारता येते. ऑनलाइन दुकानाला खिडकी नसते. पडताळणी सुरू करताना दिलेला पुनर्प्राप्तीचा क्रमांक जपून ठेवला नसेल, तर ग्राहकाला जुन्या खरेदीचे पुरावे जोडून उत्तराची वाट पाहावी लागते, आणि नाराजीचे खरे मूळ पुष्कळदा पडताळणीत नसून या वाट पाहण्यात असते.

एपिक गेम्सने वेगळा मार्ग घेतला. तिच्या 'फोर्टनाइट' या खेळात २०१८ मध्ये द्विस्तरीय पडताळणी सुरू करणाऱ्यास पात्राला करता येणारा एक नाच मोफत मिळाला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या तिच्या दुकानात ठरावीक काळाने एखादा खेळ फुकट देण्याची प्रथा पडली. पुढे कंपनीने २८ एप्रिल २०२० पासून काही आठवडे असे खेळ घेण्यासाठी पडताळणी बंधनकारक केली. त्याच काळात 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' फुकट मिळणार असल्याने असंख्य लोकांनी ती निमूटपणे स्वीकारली. मोबदला दिसत असला आणि सक्तीला मुदत असली, तर विरोध सौम्य राहतो, हे येथे दिसून आले.

याउलट अनुभव ब्लिझार्डला ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. 'ओव्हरवॉच २' खेळण्यासाठी खात्याला मोबाइल क्रमांक जोडणे तिने अनिवार्य केले आणि प्रीपेड क्रमांक चालणार नाहीत अशी अट घातली. हेतू फसव्या खेळाडूंना पुन्हा पुन्हा नवी खाती उघडण्यापासून रोखण्याचा होता, परंतु मासिक करार परवडत नाही म्हणून प्रीपेड सेवा घेणारे अमेरिकी खेळाडू, ज्यांनी मूळ खेळ पैसे देऊन घेतला होता, तेच दाराबाहेर राहिले. काही दिवसांतच कंपनीने जुन्या खेळाडूंना या अटीतून सूट दिली. ज्या देशात बहुसंख्य मोबाइल जोडण्या प्रीपेडच आहेत, त्या भारतातील वाचकाला ही अट एका विशिष्ट समाजाच्या राहणीवरून सर्व जगाची मापे काढणारी वाटल्यास नवल नाही.

मे २०२४ मधील 'हेलडायव्हर्स २' चा वाद याहून बोलका आहे. फेब्रुवारीत स्टीमवर आलेला हा खेळ लाखो लोकांनी विकत घेऊन खेळायला सुरुवात केल्यानंतर, प्रकाशक सोनीने प्रत्येकाने प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते जोडलेच पाहिजे असे जाहीर केले आणि कारण म्हणून खेळाडूंची सुरक्षितता पुढे केली. पण अनेक देशांत प्लेस्टेशनची सेवा अधिकृतपणे उपलब्धच नव्हती, त्यामुळे तेथील ग्राहकांनी विकत घेतलेला खेळ त्यांच्या हातून जाण्याची वेळ आली आणि १७० हून अधिक देशांत त्याची विक्री थांबली. स्टीमवर दोन लाखांहून अधिक प्रतिकूल अभिप्राय जमा झाले आणि अवघ्या तीन-चार दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. स्टीमच्या खात्यावर आधीच पहारा असताना दुसऱ्या खात्याने खेळाडूचे कोणते अधिक रक्षण होणार, याचे पटणारे उत्तर मिळाले नाही. पहिला पहारा दुसऱ्याचा पोशाख घालून आला की तो ओळखू येतो, हे या प्रसंगाने सिद्ध केले.

भारतीय ग्राहकाच्या बाबतीत या साखळीत आणखी एक कडी आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांना जादा पडताळणी आवश्यक झाली आणि 'ओटीपी' म्हणजे एकदाच वापरायचा क्रमांक रोजच्या व्यवहाराचा भाग बनला. स्टीमने २०१५ च्या अखेरीस रुपयांत किमती दाखवण्यास प्रारंभ केला तोवर ओटीपी येथे अंगवळणी पडला होता. त्यामुळे भारतीय खेळाडू एका खरेदीसाठी दुकानाची पडताळणी आणि बँकेची पडताळणी अशा दोन्ही ओलांडतो. मात्र या दोन्हींसाठी पुष्कळदा वापरला जाणारा एसएमएस भक्कम नाही. मार्च २०२१ मध्ये व्यावसायिक संदेशांच्या छाननीचा नवा नियम लागू होताच देशभर ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामक 'ट्राय' ला त्याची अंमलबजावणी सात दिवस स्थगित करावी लागली. बंद पडलेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हाही धोका आहे. क्रमांक बदलताना खेळाच्या खात्यातील नोंद बदलायची राहिली, तर त्या खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात जाते.

अलीकडे नियमांची दिशा बदलू लागली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलायला लावणे आणि त्यात चिन्हांचे विशिष्ट मिश्रण मागणे सोडून द्यावे असे सुचवले, तसेच एसएमएसवरील पडताळणीच्या वापराला मर्यादा घातल्या. निन्टेन्डोने २०२३ मध्ये आणि प्लेस्टेशनने २०२४ मध्ये 'पासकी' स्वीकारली. तिच्यात पासवर्ड नसतोच, खात्याची गुप्त किल्ली वापरणाऱ्याच्या उपकरणाकडे राहते आणि बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने ती वापरता येते. चोराच्या बनावट संकेतस्थळावर ती चालत नाही आणि ग्राहकाला काही लक्षातही ठेवावे लागत नाही.

चार दशकांच्या या वाटचालीवरून एक निष्कर्ष काढता येतो. खेळाडूंनी स्वतःच्या वस्तूंचे रक्षण करणारी कुलुपे स्वीकारली, प्रसंगी विकतही घेतली. विक्रेत्याच्या सोयीची कुलुपे सुरक्षेच्या नावाखाली लादली गेली तेव्हा मात्र त्यांनी बंड केले आणि ते बहुधा यशस्वी झाले. म्हणून कोणतीही नवी सक्ती आणणाऱ्या दुकानाने ती नेमके कुणाचे रक्षण करते, तिचा भार कुणावर पडतो आणि किल्ली हरवल्यास ग्राहकाने कुठे जावे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. ही उत्तरे ज्या नियमाला देता येत नाहीत तो नियम सुरक्षेचा नाही, आणि त्याविरुद्धची ग्राहकांची नाराजी रास्त आहे.